माझ्या बाजूचा ब्रेक

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात सरळ येत नाही. समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील काचांवर तो आधी पडतो, तेथून वळून आमच्या खिडकीत उतरतो, आणि म्हणून त्याच्यात उन्हाचा तापटपणा नसतो. अनेकदा धुऊन मऊ झालेल्या कापडासारखा तो असतो. प्रथम नळाच्या मानेवर एक बारीक रेघ उमटते. मग ओट्याची कड दिसू लागते, उपडी घातलेली भांडी एकेक करून जागी होतात, कपाचा तुटका कान आपली तुटकी सावली भिंतीवर टाकतो. टेबलाशी पोचेपर्यंत त्या उजेडाला तब्बल वीस मिनिटे लागतात. वाटेत तो मिठाच्या बरणीपाशी थांबतो, काडेपेटीपाशी रेंगाळतो, आणि मग, काही काम नसलेल्या पाहुण्यासारखा, माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसतो. सहा वर्षे मी ज्या सकाळी पाहिल्या त्या ढगांच्या वरच्या होत्या. तेथे उजेड येत नाही, अंगावर पडतो. आणि प्रवासी झोपलेले असल्यामुळे खिडक्यांच्या झडपा ओढून त्याला परत पाठवणे हेच आमचे काम असे. कधी एका दिवसात दोन सकाळी मिळत, कधी दोन दिवसांत एकही नाही. आता रोज एक, नेमकी एक सकाळ वाट्याला येते, आणि ती इतकी साधी असते की तिच्याकडे बघत बसल्याचे कुणाला सांगण्याची लाज वाटते.

त्या सकाळी मात्र बघत बसायला वेळ नव्हता. विमान कंपनीने मला परत बोलावले होते आणि दुपारी बारापर्यंत उत्तर मागितले होते.

“नाही हो, सोडली कुठे? सुट्टीवर आहे,” आई बाल्कनीतून फोनवर कुणाला तरी सांगत होती. “हो, जरा लांबलीय.”

“साडेतीन महिने,” सकाळीच येऊन टपकलेली ताई माझ्या कपातला चहा पीत म्हणाली. “एवढी सुट्टी मला बाळंतपणातसुद्धा नव्हती मिळाली. तुझे कान काय म्हणतायत?”

मी नोकरी सोडली ती कानांमुळे. विमान खाली येऊ लागले की कान दुखतात, असे मी कंपनीला, आईला आणि ताईला सांगितले होते. मग आईने मला ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन्ही कानांत बराच वेळ डोकावून, इतके निरोगी कान आपण फार दिवसांनी पाहिल्याचे लेखी दिले, आणि आईने तो कागद परस्पर कंपनीला पाठवला. हे बोलावणे त्याचेच फळ होते.

“बरे आहेत,” मी म्हणालो.

“कानांचं मी नाही म्हणत, ते बरेच होते. तू जाणार आहेस का ते सांग. आईने गणवेशाला इस्त्री करून ठेवलीय.”

“गाडी शिकणाऱ्या काकूंची परीक्षा होऊ दे आज. मग बघू.”

ताईने कप खाली ठेवला. “माणसं विमान सोडून गाडी शिकवायला जातात हे मी मैत्रिणींना सांगते, तर त्या मला वेड्यात काढतात,” ती म्हणाली.

मी एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. म्हणजे शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो. शाळा म्हणजे एक खोली, तीन गाड्या आणि एक मॅडम. मॅडमनी तरुणपणी वीस वर्षे मालट्रक चालवला आहे आणि त्यांचा आवाज अजून त्या ट्रकच्याच मापाचा आहे. मी विमानात चहा देत असे, हे त्यांना पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगितले होते. तरी त्या मला ‘पायलट’ म्हणतात, आणि आता सगळेच म्हणतात. माझ्या हाताखाली नऊ जण शिकले. नऊही जणांना मी फार आवडलो. नऊही जण परीक्षेत नापास झाले. ते पेढे आणावेत तशा आनंदाने मला भेटवस्तू आणून देत आणि सांगत, “सर, दोष तुमचा नाही. तुम्ही शेजारी असलात की गाडी कशी अगदी आपोआप थांबते.”

ह्या वाक्यात काहीतरी खुपते आहे असे मला वाटे, पण काय, ते कळत नसे. मॅडमना कळले. त्या सकाळी मी पोचलो तेव्हा माझ्या गाडीची दोन्ही दारे सताड उघडी होती आणि मॅडम पुढच्या सीटखाली टॉर्च मारून बसल्या होत्या.

“पायलट, इकडे ये. वाक. काय दिसतंय?”

आमच्या गाड्यांना दोन ब्रेक असतात: एक चालवणाऱ्याचा, दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाशी, अडीअडचणीसाठी. शिकणाऱ्याच्या ब्रेकवरचे रबर नवे कोरे होते. त्याच्यावरच्या खाचा कालच कापल्यासारख्या ताज्या होत्या. माझ्या बाजूचे रबर झिजून नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते.

“तीन महिने ही गाडी कोण चालवतंय?” मॅडमनी विचारले.

विमानात आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की उत्तम सेवा दिसता कामा नये. झोपलेल्या प्रवाशाच्या हातातला कलंडता ग्लास असा काढून घ्यायचा, की जागा झाल्यावर त्याला वाटावे, तो आपणच संपवून ठेवला होता. मी तसाच ब्रेक दाबत होतो. खांब जवळ आला, की माझा पाय अलगद जाई, गाडी मखमलीवर थांबावी तशी थांबे, आणि शिकणाऱ्याला वाटे, वा, जमले आपल्याला. परीक्षेत मात्र परीक्षक शेजारी हातपाय आखडून बसे, आणि खांब आपल्या जागेवरून हलत नसे.

“आणि वर तुझं ते तोंड,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या गाडीतली माणसं हसत हसत भिंतीवर जातात. आज काकूंची चौथी खेप. पास झाल्या तर राहा. नाही झाल्या तर आपलं विमान बरं, काय? मला माणूस घालवायला आवडत नाही, पण मला लोकांची हाडं संभाळायचीयत.”

“समजलं.”

“समजलं नाही. परीक्षेच्या मैदानापर्यंत काकू चालवतील. तू मांडी घालून बसायचं. पाय खाली दिसला तर इथूनच घरी.”

काकू त्या नऊ जणांतल्याच; त्या शिवणकाम करीत. गळ्यात टेप तसाच राहिलेला असे, आणि गाडीत बसताना त्या सीटलासुद्धा एकदा वरून खाली मापून घेत. त्यांची माझ्यावर अपार श्रद्धा होती. विमान सुटण्यापूर्वी आम्ही अर्धे मिनिट गप्प बसून, काही बिघडलेच तर काय करायचे, त्याची मनातल्या मनात उजळणी करतो. ती सवय मला गाडीतही राहिली होती. काकूंना ते ध्यान वाटे, म्हणून त्याही गाडी सुरू करून, डोळे मिटून बसत. परीक्षकांनी त्यांना दोनदा ह्याच कारणासाठी नापास केले होते.

मी मांडी घातली, पट्टा बांधला आणि आम्ही निघालो. मांडी घालून बसल्यावर गाडीतून रस्ता निराळाच दिसतो. तो आपल्याकडे येतो आहे हे प्रथमच नीट लक्षात येते.

“सर, आज आरामात बसलात,” काकू म्हणाल्या.

“हो. फार छान चालवताय. पुढे वळण आहे, थोडं हळू घेतलंत तर आणखी छान वाटेल.”

वळण पार पडले. मग फर्निचरच्या दुकानाच्या फाटकातून एक टेम्पो पाठीमागच्या बाजूने रस्त्यावर येऊ लागला. त्यात एक आरसा लावलेले कपाट उभे होते, आणि त्या आरशात आमची गाडी आमच्याच दिशेने येताना दिसत होती. काकूंनी टेम्पोकडे पाहिले, आणि मग, नेहमीप्रमाणे, काय करायचे ते ठरवण्यासाठी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

हा चेहरा मी मोठ्या मेहनतीने कमावला आहे. प्रशिक्षणात आम्हाला आरशापुढे बसवीत. विमान हादरले की प्रवासी खिडकीबाहेर बघत नाही, तो आमच्याकडे बघतो; म्हणून चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही. त्या वर्गात मी पहिला आलो होतो. तो चेहरा आता काकूंना सांगत होता की सर्व काही ठीक आहे, आणि काकू निर्धास्तपणे त्या आरशाकडे चालल्या होत्या. माझा पाय ब्रेककडे जाऊ पाहत होता, पण तो दुसऱ्या पायाखाली अडकला होता. आरशात मला मी दिसलो: गालांत हसू, ओठ किंचित विलग, चहा घेणार की कॉफी असे विचारण्याच्या बेतात. काकूंच्या हातून आज काही व्हायचे असेल तर ह्या माणसामुळे होईल, असे मला अगदी शांतपणे वाटले. आणि मग ते हसू सुटले. कसे ते सांगता येत नाही. तोंड वाकडे झाले, डोळे विस्फारले, आणि “काकू, थांबा” असे काहीतरी, पाण्याच्या बारीक नळातून यावे तशा आवाजात, माझ्या आतून बाहेर आले.

काकूंनी ब्रेक दाबला. स्वतःचा. गाडी दोन गचके देऊन बंद पडली. कपाट वीतभर अंतरावर होते.

टेम्पोवाला उतरून आला, त्याने आधी काकूंकडे आणि मग मांडी घातलेल्या माझ्याकडे पाहिले. “ह्यांना पाणी द्या,” तो काकूंना म्हणाला आणि निघून गेला.

“सर, तुम्ही घाबरलात,” काकू म्हणाल्या.

“थोडासा.”

“थोडासा नाही. तोंड अस्तराच्या कापडासारखं पांढरं पडलंय.” त्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. “मग हे आधी नाही का दाखवायचं? मला आपलं वाटायचं, सर एवढे खुशीत आहेत, म्हणजे सगळं बरोबरच असणार. मीच मेली भित्री. विमानात नाही वाटली कधी भीती?”

“छे,” मी म्हणालो. “सवय होते.”

कमरेचे माप दोन इंच कमी सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावे तशा त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि गाडी सुरू केली. डोळे न मिटता.

उरलेल्या वाटेत आम्ही एक पद्धत बसवली. मला भीती वाटली, की मी म्हणायचे, “काकू, मला भीती वाटतेय,” आणि त्या थांबायच्या. मैदानापर्यंत मी हे वाक्य चौदा वेळा म्हटले. पहिल्यांदा ते अर्धेच बाहेर आले, पाचव्यांदा सोपे गेले, नंतर नंतर तर काकूच म्हणू लागल्या, “सर, इथे भीती वाटायला हवी ना?” आणि मी म्हणायचो, “हो, चांगलीच.”

अकराला परीक्षा झाली. मी कुंपणाशी उभा होतो. काकू प्रत्येक खांबापाशी, प्रत्येक पांढऱ्या पट्ट्यापाशी आणि एकदा मैदानावर उतरलेल्या कावळ्यापाशीही थांबल्या. परीक्षकांनी कागदावर लिहिले: ‘ब्रेकचा वापर जरा जास्त. पास.’ काकूंनी तो कागद मला दाखवला, मग घडी घालून, टेपाने मोजावा तसा बोटांवर दाबून, पर्समध्ये ठेवला.

मॅडमनी कागद पाहायला मागितलाही नाही. “सोमवारी आठला ये,” त्या म्हणाल्या. “मांडीची सवय ठेव. आणि विमानवाल्यांना काय ते सांगून टाक, माझ्याकडे एक पाय इकडे, एक पाय तिकडे चालायचं नाही.”

फोन बाराला दहा मिनिटे असताना आला. मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो.

“आपण परत रुजू होताय ना?” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. त्या आवाजाचे प्रशिक्षण कुठे मिळते ते मला ठाऊक होते.

“नाही. मी येत नाही.”

“अरेरे. मग कारण काय लिहू?”

“कारण लिहायलाच हवं?”

“तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पगार लिहू?”

“नाही. पगार चांगला होता.”

“कामाच्या वेळा?”

“त्याही चालल्या असत्या.”

“आरोग्य म्हणू? पण आपलं तर सगळं छान असल्याचा कागद आहे इथे.” ती थांबली. तिच्या मागे दुसरे कुणीतरी दुसऱ्याच कुणाला तसल्याच गोड आवाजात काहीतरी विचारत होते. “असं करूया, ‘इतर’ लिहिते. पण मग खाली एका ओळीत सांगावं लागतं, इतर म्हणजे काय.”

आत मॅडम एका नव्या मुलीला गिअर समजावून सांगत होत्या आणि खोलीच्या काचा थरथरत होत्या. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“मला विमानात भीती वाटते,” मी म्हणालो. “पहिल्या उड्डाणापासून, प्रत्येक वेळी.”