ठकूचा राग

जोतीरामनं चौतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवरून गोणी वाहिल्या, आणि एकदाही एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या गाळ्यावर उतरवला नाही. याचा त्याला कोण अभिमान! गोणीवरचा मार्का बघायचा, जुळला की उचलायची. आत काय आहे, कसं आहे, या चौकशा हमालानं करायच्या नसतात. काम सुटलं तरी सवय सुटली नव्हती. ती सवय बरोबर घेऊनच तो एका रविवारी रबाळे गावात मांजर आणायला गेला, आणि तिथंच गाडं अडलं.

त्याला कुठलंही मांजर नको होतं. त्याला ठकू हवी होती, आणि ठकू तर मेली होती.

घणसोलीच्या माथाडी वसाहतीत त्याची बायको मुक्ताबाई आणि ठकू नावाची मांजर सहा वर्षं एकमेकींच्या सोबतीनं राहिल्या होत्या. लेक ज्ञानेश्वरी लग्न होऊन कोरेगावला गेली, त्यानंतर मुक्ताबाई दिवसभर बोलायची ती ठकूशीच. मग एका सकाळी ओट्याशी उभी असताना मुक्ताबाईची उजवी बाजू गेली. धावपळीत दार उघडं राहिलं, भेदरलेली ठकू जिना उतरून रस्त्यावर पळाली आणि टेम्पोखाली आली. जोतीरामनं संध्याकाळी दवाखान्यातून येऊन तिला वसाहतीच्या मागच्या भिंतीशी पुरलं. दवाखान्यात मुक्ताबाईला तोंड फुटलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "ठकू?" त्याच्या तोंडून गेलं, "हाय की घरी."

एकदा बोलून बसल्यावर निस्तरणं आलंच. तीन आठवड्यांनी बायको घरी येणार होती. शेजारच्या प्रियानं मोबाइलवर फोटो दाखवला. रबाळ्यातली एक मुलगी रस्त्यावरची मांजरं घरी सांभाळते आणि चांगलं घर मिळालं की देते. फोटोत पांढरी मांजर, कपाळावर तपकिरी डाग, शेपूट काळी, डाव्या पुढच्या पायात काळा मोजा. मार्का जुळला.

ती मुलगी म्हणजे नमिता, रबाळे गावातलीच. खालचे दोन मजले भाड्यानं दिलेले, वरची खोली मांजरांची. महाप्याच्या ऑफिसातून आली की ती तिथंच बसायची. ती जोतीरामला कळवळून सांगत होती.

"काका, ही कुकी. खरं सांगते, ही जाम लाजाळू आहे. आठ महिने झाले, माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही. त्यापेक्षा हा बोका न्या ना, पाच मिनिटांत मांडीवर बसेल."

"नगं, हीच."

"ती महिना-महिना लपून बसेल, काका. तुमी टेन्शन घ्याल."

"डाग जुळतोय न्हवं? हीच द्या."

नमिताला वाटलं, म्हातारबाबांना रंगाची हौस दिसते. डाग कशाशी जुळतोय हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. ऑपरेशन केलेल्या मांजरांच्या कानाचं टोक कापतात, तसं कुकीच्या एका कानाचं कापलेलं होतं. तेवढा फरक त्यानं चालवून घेतला. फॉर्मवर सही केली आणि टोपली घेऊन निघाला. पंधरा दिवसांनी घरी बघायला येईन, असं नमितानं बजावलं.

मुक्ताबाई घरी आली, पलंगावर निजवली गेली, आणि तिनं लगेच मान वळवून हाक मारली, "ठके!"

पलंगाखाली कुकी भिंतीला चिकटून बसली होती. ती हलली नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मांजर रात्री कधीतरी खाऊन जायची, पण दिवसा तिचं नखही दिसत नव्हतं. जोतीरामनं एकदा तिला ओढून काढलं आणि बायकोपुढं धरलं. मुक्ताबाईनं तो डाग पाहिला, मोजा पाहिला, तिच्या वाकड्या ओठांवर हसू आलं. डावा हात पुढं केला तर मांजरानं फिस्कारून जोतीरामचं मनगट फाडलं आणि पुन्हा पलंगाखाली उडी घेतली.

"कान कशानं तुटला तिचा?"

"मारामारी केली आसंल."

"मी न्हवते ना हाक मारायला," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

मग तिनं ते सांगितलं. त्या सकाळी ठकूनं दुधात तोंड घातलं होतं. मुक्ताबाईनं रागानं उलथनं फेकून मारलं, ते ठकूच्या कमरेत बसलं. "आन् मागनं लगीच मी पडले. आजवर तिच्यावर हात उचलला न्हवता वं मी. म्हणून रुसलीय ती."

त्या दिवसापासून घरात एक नवंच सुरू झालं. जोतीराम चहा ठेवायला उठला की मुक्ताबाई पलंगाच्या कडेनं हात खाली सोडायची आणि अडखळत्या जिभेनं माफी मागायची. "चुकलं माझं, ठके. ये की. एकदा बस इथं, मग जा." पलंगाखालच्या त्या परक्या जिवाला यातलं काय कळणार? आणि जोतीराम आधणाकडं बघत उभा राहायचा. आयुष्यात शंभर-शंभर किलोचं ओझं पेललं त्यानं, पण हे काही त्याला पेलवेना. बायकोला बरं वाटावं म्हणून आणलेलं मांजर रोज तिच्या जिवाला घोर लावत होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं घरात आणलं होतं.

बाराव्या दिवशी त्यानं ठरवलं, आता खरं बोलायचं. पलंगाशी स्टूल ओढून तो बसला.

"मुक्ता, ही ठकू न्हाय. दुसरीच हाय. मी रबाळ्यास्नं आणली."

मुक्ताबाईनं मान त्याच्याकडं वळवली.

"आन् ठकू?"

"गेली. तू पडलीस त्याच दिवशी. टेम्पोखाली."

त्याला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. पण तिनं डाव्या हातानं त्याचा हात धरला आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "किती लबाड बोलाल माझ्यासाठी? तो डाग मला कळत न्हाय व्हय? पायातला मोजा कळत न्हाय? ती माझ्यावर रुसलीय म्हणून मला वाईट वाटू नये, म्हणून चाललंय हे तुमचं."

त्यानं शपथ घातली. ती नुसती मान हलवत राहिली. इतका बेमालूम मार्का जुळवून आणला होता त्यानं, की आता तो स्वतःच खोटा ठरला.

तेव्हा त्यानं नमिताला फोन करून सगळं सांगितलं. "काका, हे आधी बोलायचं ना," ती म्हणाली, पण दुसऱ्याच दिवशी ऑफिस बुडवून आली. मोबाइलमध्ये कुकीचे आठ महिन्यांचे फोटो होते. ते दाखवायचे, आजीला पटवायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

फोटो दाखवायची वेळच आली नाही. नमितानं दारातून "आजी, कशा आहात?" एवढं विचारलं, आणि पलंगाखालून आवाज आला. गेल्या तेरा दिवसांत त्या घरात कुणी ऐकला नव्हता असा, लाडिक, लांबलचक. कुकी बाहेर आली, शेपूट उभी करून नमिताच्या पायांत घोटाळली, आणि ती खाली बसताच मांडीवर चढून डोळे मिटून घुरघुरू लागली. मुक्ताबाईच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर.

जोतीरामनं बायकोकडं पाहिलं, आणि तिला काय दिसलं ते त्याला उमगलं.

"बघा," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "मानसं वळखती ती. राग फकस्त माझ्यावरच हाय."

"आजी, ही माझ्याकडेच होती, हे फोटो बघा..."

"आसंल बाई. माझ्याकडनं पळाली, तुझ्या दारात आली आसंल. तूच सांभाळलंस तिला, म्हणून तुला लळा." तिनं दमून श्वास घेतला. "घिऊन जा. पर माझं एवढं ऐक. तिला सुक्या बोंबलाचं डोकंच लागतं, बाकीचा बोंबील खात न्हाय. फटाक्याला भिती, दिवाळीत कपाटात जागा कर. आन् पाठीवरनं हात फिरवू नगंस, हनुवटीखाली खाजीव. तिथं तिला लई आवडतं."

नमितानं जोतीरामकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "हो आजी. बोंबलाचं डोकं. हनुवटीखाली. अजून काय?" मुक्ताबाई सांगत राहिली, नमिता एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत राहिली. भिंतीशी पुरलेल्या मांजराच्या आवडीनिवडी तिनं अर्धा तास ऐकल्या.

जोतीरामनं टोपली खाली रिक्षापर्यंत नेली. कुकी आत निवांत बसली होती. वास ओळखीचा, माणूस ओळखीचं, तिला आणखी काय पाहिजे होतं? नमिता म्हणाली, "काका, थोड्या दिवसांनी परत समजावू त्यांना." तो म्हणाला, "नगं पोरी. आता नगं."

वर आला तेव्हा मुक्ताबाई दाराकडंच बघत होती.

"का वं, जाताना रडली का ती?"

जोतीराम तिच्या उशाशी बसला. पदराच्या टोकानं त्यानं तिचे डोळे पुसले.

"रडली की. जिन्यात लई वरडली. सारखी वर बघत व्हती."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची आण."

मुक्ताबाईनं डोळे मिटले. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.