दुधाची आत्या

गाठ तशी साधीच, लाल कापडाचे दोन पदर एकमेकांत घालून आवळलेली — पण आवळताना इतका जोर लावलेला की कापडाच्या सुरकुत्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि यामनाला वाटलं, बांधणारीच्या मनात कुठंतरी धाकधूक असणार, एरवी एवढं कोण आवळतं… खोकल्याच्या बाटल्या आणि वजनकाटा यांच्यामध्ये, काउंटरवर, ते गाठोडं सकाळपासून ठाण मांडून बसलं होतं. आत काय आहे ते उघडून बघायची गरज नव्हती. मेंदीची वाळकी पानं, साखरेची ढेप, मूठभर लवंगा. गावातल्या बाकीच्या घरांना मोठ्या घरातल्या लग्नाची पत्रिका येते, सोनेरी कडांची, जाड पाकिटातून. आमच्या घराला, पूर्वज त्यांचे गुलाम होते म्हणून, गाठोडं येतं. पत्रिका आली की माणूस म्हणू शकतो, बघू, जमलं तर येऊ. गाठोड्याचं तसं नाही. गाठ सोडली की कबूल — मग मेंदी वाटायची, गाळायची, भिजवायची, आणि मेंदीच्या दिवशी घरातल्या एका बाईनं धुपाटणं घेऊन नवरीच्या पुढं चालायचं. आणि गाठ न सोडता गाठोडं परत केलं तर… पण तसं आजवर कुणी केलेलंच नाही, त्यामुळं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही.

दुकान उघडायच्या वेळीच आई, मस्ऊदा, ते घेऊन आली होती. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, दम घेतला.

“अगं, आज संध्याकाळी मेंदी, आणि माझे गुडघे बघतेस ना. मोठ्या घरचा तो जिना आता माझ्याच्यानं व्हायचा नाही. मालकीणबाई लल्लांनी तुझंच नाव घेतलंय. म्हणाल्या, शिकलेली मुलगी पुढं चालली की केवढी शोभा येईल.”

“शोभा,” यामना म्हणाली.

“आणि नवरीला नजर लागत नाही.”

आईनं हे इतक्या सहज सांगितलं, जसं एखादी सांगते की ताकात जिरं घातलं की बाधत नाही. काळी बाई पुढं असली की नवरीवरची वाईट नजर तिच्यावर जाते आणि तिथंच विरते, असा इथला पक्का समज. गोऱ्या गालावर काजळाचा ठिपका लावतात ना, तसं. फक्त हा ठिपका माणसाएवढा, पाय असलेला. म्हणजे मी पाच वर्षं समुद्राकाठच्या मोनास्तिर शहरात राहून औषधशास्त्र शिकले, रात्र रात्र जागले, ती गालबोट व्हायला! वा! आई गेली तरी यामना त्या गाठीकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिला हसू आलं, चांगलं हसू नव्हे ते.

दहाच्या सुमाराला एक बाई आली, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, बाहेरगावची असावी. औषधाची चिठ्ठी हातातच धरून यामनाच्या खांद्यावरून आतल्या खोलीत डोकावली.

“ए मुली, डॉक्टरीणबाईंना बोलाव जरा.”

“मीच.”

“नाही गं, त्या खऱ्या.”

या ‘खऱ्या’वर यामनानं अकरा वर्षांत नाना उपाय करून पाहिले होते. पांढरा कोट. छातीवर नावाची पट्टी. भिंतीवर चौकटीत घातलेली पदवी, आधी एका बाजूला, मग बरोब्बर डोक्याच्या मागं, म्हणजे माणसाला तोंड बघायचं तर पदवी बघावीच लागेल. गोड हसून समजावणं, न हसता समजावणं. एकदा तर घरी जाऊन तासभर तोंड धूत बसली होती — अठ्ठावीस वर्षांची बाई, पदवीधर, साबण लावून लावून… ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, लाजेनं. आज मात्र तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“खऱ्या मेल्या बाई. आता मीच उरलेय. काय देऊ?”

बाई घाबरली, चिठ्ठी पुढं केली, देवाचं नाव घेत औषध घेऊन गेली. यामनाला मजा वाटली. असं बोलता येतं तर, आणि आभाळ कोसळत नाही.

दुपारी थोरला भाऊ आला. बिलगासिम पन्नाशीचा, नगरपालिकेच्या कचेरीत, उन्हाळ्यातही कोट. तो उभा राहिला की समोरच्या माणसानं अर्ज काढावा असं वाटतं.

“आई घरी रडतेय. दहा पावलं चालायचंय फक्त. पाय झिजणारेत का तुझे?”

“मग तू जा की दादा. बाबांचा ढोल आहे अजून माळ्यावर.”

“मी?” तो खरोखरच दचकला. “लोक सह्यांसाठी येतात माझ्याकडं. पुरुषमाणसानं आता ढोल बडवत—”

“माझ्याकडंही येतात लोक.”

“तुझं वेगळं. बायकांचं बायकांत असतं, कोण बघतंय? आणि ही जीभ आवर जरा. या जिभेपायीच तुला कुणी पत्करलं नाही.”

तो गेला. औषधांच्या गोळ्या मोजता मोजता यामनाचे हात थांबले. हे तिच्या कधी लक्षातच कसं आलं नव्हतं? बाबा मोठ्या घरच्या प्रत्येक लग्नात ढोल वाजवायचे, दादाही वाजवायचा, वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत. मग दादाला नोकरी लागली, आणि कुणी काही न बोलता त्याचा ढोल सुटला. त्याच्या नावानं गाठोडं आलं नाही. मोठ्या घरालाच बरं दिसेना, कचेरीतल्या माणसाला कसं सांगायचं! पण बाईची कचेरी असो, दुकान असो, पदवी असो, ती कुठंतरी बाहेर असते, आणि बाई मात्र घरातली, गाठोड्याच्या टप्प्यातली… आणि पत्करलं नाही म्हणे. कुणी पत्करलं नाही ते दादाला चांगलं माहीत आहे. त्या दिवशी तोही त्याच खोलीत होता.

सतरा वर्षं झाली. लल्ला मन्नूबिया, मोठ्या घराची मालकीण, आमच्या घरी पायधूळ झाडायला आली होती, पहिल्यांदा आणि शेवटचं. चटईवर बसली, चहा प्यायली, रडली. मोठ्या घरचा धाकटा, नौफल, यामनाबरोबर मोनास्तिरला शिकत होता. पाच महिने ते दोघं समुद्राच्या भिंतीवर बसून भाजलेल्या बिया खात होते, आणि शेवटी त्यानं घरी सांगितलं होतं की करीन तर हिच्याशीच. लल्लानं ‘काळी’ हा शब्द उच्चारला नाही. ‘गुलामाची’ तर नाहीच नाही. तिनं यामनाला जवळ ओढलं, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, “ही तर माझीच लेक! माझ्या दोन्ही मुलांना मस्ऊदानं अंगावर पाजलंय. एका दुधाची भावंडं ती. त्यांचं लग्न लावून मी नरकात जाऊ का?”

झालं. दुधाच्या नात्यापुढं कुणाचं काय चालणार? एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, धर्मानं, कायमची. नौफलही रडला, पण त्याच्या रडण्यात एक सुटका होती, ती तिला स्पष्ट ऐकू आली. पुढं तो फ्रान्सला गेला आणि तिथलाच झाला.

आणि आई चहाचं तबक धरून उभी होती, खाली बघत.

थोरला हादी आईचं दूध प्यायला होता, यात वाद नाही. त्याच्या जन्मानंतर लल्ला तापानं फणफणली होती, आणि दादा नुकताच झालेला, आईनं एका अंगाला एक घेतला, दुसऱ्या अंगाला दुसरा. सगळ्या गावाला ठाऊक. पण नौफल त्यानंतर नऊ वर्षांनी झाला. तेव्हा दादा शाळेत जात होता, आणि यामनाचा जन्म आणखी दोन वर्षांनी. मधे आईला मूल नव्हतंच. पाजायला दूध कुठून आलं? एवढा साधा हिशेब यामनानं त्याच रात्री बोटांवर केला होता. बाकी कुणी केला नाही. किंवा सगळ्यांनीच केला, आणि आपापली बोटं मिटून घेतली. तिनं आईला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग त्या उत्तरासकट आईबरोबर एका ताटात जेवावं लागलं असतं.

पण मग… तिनं गोळ्यांची डबी खाली ठेवली. लग्न कुणाचं आहे? रहमाचं. म्हणजे हादीच्या मुलीचं. हादी माझ्या आईचं दूध प्यायलेला, म्हणजे माझा भाऊ, खराखुरा, कुणाच्या थापेवाचून. मग रहमाची मी कोण?

अरे देवा. आत्या!

मोठ्या घराला लेक नाही. मेंदीच्या दिवशी नवरीच्या उजव्या हाताला आत्या बसते, मेंदीचा पहिला ठिपका आत्याच्या तळहातावर पडतो. आणि ती जागा त्या घरात कधीची रिकामी. सतरा वर्षांपूर्वी मला लेक केलंत ना, लल्ला? लेकीला गाठोडं कसं पाठवलंत मग? यामनानं दुकानाची फळी ओढली, कोट काढला नाही, गाठोडं उचललं आणि निघाली. खजुरांच्या बागांमधल्या पायवाटेनं जाताना तिला परत फिरावंसं वाटत होतं, हेही खरं. भीती वाटत होती. भीतीला बरोबर घेऊनच ती चालत राहिली.

मोठ्या घराच्या वरच्या खोलीत बायकांची दाटी होती. खिडक्या बंद, धूप, घामाचा आणि अत्तराचा वास. जिन्याच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगाजवळ आई बसलेली — गुडघ्यांचं सगळं विसरून चढून आली होती, लेक येईल की नाही या काळजीनं. यामनाला बघून तिचा चेहरा उजळला; मग तिची नजर न सुटलेल्या गाठीवर गेली.

“आली बाई एकदाची!” लल्ला मन्नूबिया म्हणाली. ऐंशीला टेकलेली, पण आवाज अजून खणखणीत. “धुपाटणं खाली आहे. आणि हा दवाखान्याचा कोट काढ, शुभकार्य आहे.”

यामना गर्दीतून वाट काढत पुढं गेली. गाठोडं तिनं लल्लासमोर ठेवलं, हळूच, आपटलं नाही. मग नवरीच्या उजवीकडच्या गादीवर कुणाची तरी पर्स होती ती उचलून बाजूला केली आणि बसली. रहमानं डोळे मोठे करून बघितलं. लहानपणी लिमलेटच्या गोळ्यांसाठी दुकानात येणारी पोर.

“अगं, तिथं कुठं?” कुणीतरी म्हणालं. “ती आत्याची जागा.”

“हो ना. म्हणून तर,” यामना म्हणाली. “हादीदादा माझ्या आईचं दूध प्यायलाय. लल्लांनीच सांगितलंय मला, आमच्या घरी येऊन. लेक म्हणाल्या होत्या. लेकीनं धुपाटणं धरायचं नसतं.”

उभ्या जन्मात तिनं त्याला ‘सी हादी’, म्हणजे ‘हादीसाहेब’, याखेरीज हाक मारली नव्हती. हादीदादा. दादा म्हणायला किती सोपं गेलं!

लल्लाचे ओठ घट्ट मिटले. नाही म्हणावं तर सतरा वर्षांपूर्वीचा कपाळाचा मुका खोटा पडतो, हो म्हणावं तर ही इथंच बसणार. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

“लेक आहेसच की,” लल्ला शेवटी म्हणाली, सावकाश, मध घालून. “दोघांची बहीण. मी कधी नाही म्हटलं?”

दोघांची. बघितलंत, कशी देते ती! जागा देते, आणि त्याच हातानं ती थापही परत अंगावर घालते, मोजून मापून. गप्प बसलं तर आत्या. नौफल, समुद्राची भिंत, ते पाच महिने, सगळं पाप ठरवून. यामनाला क्षणभर वाटलं, घ्यावं. मिळतंय ते घ्यावं… “नाही लल्ला,” ती म्हणाली. “थोरल्याचीच. धाकट्याची मी कुणी नव्हते.”

“मस्ऊदा!” लल्लाचा मध संपला. “सांग तुझ्या पोरीला. नौफल तुझ्या अंगावर प्यायला की नाही?”

सगळ्या माना दाराकडं वळल्या. आई चपलांच्या ढिगात हात घालून उगीच एकेक चप्पल सरळ करत होती. ती वर बघेना. यामनाला वाटलं, आता ती ‘हो’ म्हणणार, पन्नास वर्षांच्या सवयीनं. आणि मग मी या आईचं काय करू?

“थोरला प्यायला,” आई म्हणाली. एवढंच. मग, चपलांनाच सांगितल्यासारखं: “धाकट्याच्या वेळी मला दूध कुठं होतं.”

यामनाला वाटलं होतं, हे वाक्य कधी ऐकायला मिळालं तर ती मोठमोठ्यानं रडेल, धावत जाऊन आईच्या गळ्यात पडेल. तसलं काही झालं नाही. राग आला. सतरा वर्षांचा, एकदम. आई, तुला माहीत होतं. तबक धरून उभी होतीस, आणि तुला माहीत होतं… पण हा राग वेगळा होता, चांगला जोमदार, आणि तो बाहेर चालला होता: लल्लाकडं, नौफलकडं, दादाच्या कोटाकडं, हो, आईकडंसुद्धा. आजवर तो नेहमी आतच वळायचा. तोंड धूत बसायचा. आई अजून खाली बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते, आणि यामनाला तिची माया आली, आणि राग तसाच राहिला, दोन्ही एका वेळी, एकानं दुसऱ्याला हटवलं नाही.

मेंदी लावणारी बाई, गाठोड्याची वाट बघून शेवटी घरातलीच मेंदी भिजवलेला वाडगा घेऊन, ताटकळली होती. आधी कुणाचा हात, हे तिला कुणी सांगेना. रहमा हळूच एक इंच उजवीकडं सरकली. आत्याला चिकटायला की पाय आखडले म्हणून, कळलं नाही. लल्लाचे डोळे यामनावर रोखलेले.

“मग?” लल्ला म्हणाली. “बसणार आहेस का आता इथंच?”

यामनानं हात पुढं केला नाही. उठलीही नाही. या लोकांची आत्या व्हायचं तरी आहे का मला, हा प्रश्न तिला आत्ता, गादीवर बसल्यावर, पहिल्यांदाच पडला होता. त्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. पण ते आता ती देणार होती, दुसरं कुणी नाही. आणि सगळी खोली वाट बघत होती, तरी तिला कसलीही घाई नव्हती.