उजवा स्पीकर

घरी बसून गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे वादक कौतुकानं कानसेन म्हणत. पंचवीस वर्षांत त्याच्या कानाला कुणी नावं ठेवली नव्हती. आणि आता एका गायिकेनं एकच गाणं तीनदा परत पाठवलं होतं. तिन्ही वेळा तक्रार तीच, उजवीकडची गिटार कानाला टोचते. चौथ्यांदाही जमलं नाही तर सगळा अल्बम दुसऱ्याकडे जाणार, हे तिनं गोड शब्दांत पण स्पष्ट कळवलं होतं.

कानसेननं खापर उजव्या स्पीकरवर फोडलं. तो मंद वाजतो, म्हणून तर गिटारचा आवाज चढवावा लागतो! दुरुस्तीवाल्यानं तो दोनदा उघडून काही दोष नाही म्हणून सांगितलं, तेव्हा यानं त्यालाच वेड्यात काढलं. आता मात्र तो पार थकला होता. झोप झाली तरी शीण जात नव्हता. नवी जोडी घ्यायची आणि विषय संपवायचा, एवढंच ठरवून तो बायकोला घेऊन दुकानात आला.

मागच्या खोलीत भिंतींना जाड फोम होता, मधोमध फिरती खुर्ची, समोर स्पीकर. कानसेन खुर्चीत बसला, बायको शेजारच्या स्टुलावर. त्यानं स्वतःचंच एक जुनं, तोंडपाठ झालेलं गाणं लावायला दिलं.

"उजवा मंद आहे," तो म्हणाला.

विक्रेत्यानं दुसरी जोडी लावली.

"याचाही उजवा मंद."

तिसऱ्या जोडीला विक्रेत्यानं घसा खाकरला. "काका, तीन कंपन्यांचे तिन्ही उजवेच कसे बिघडतील?"

"माल तपासून ठेवत जा, म्हणजे कळेल," कानसेन करवादला. पण ते बोलणं त्यालाच पोकळ वाटलं. शंका आली की डाव्या-उजव्याच्या वायरी बदलून बघायच्या, ही या धंद्यातली पहिली युक्ती. उठून वायरी बदलायचाही त्याला कंटाळा आला. त्यानं नुसती खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला.

मघाचा मंद स्पीकर खणखणीत झाला आणि चांगला होता तो मंदावला. स्पीकर जागचे हलले नव्हते. हलला होता तो एकटाच.

त्यानं खुर्ची पुन्हा फिरवली, मग पुन्हा एकदा. एवढी साधी युक्ती घरी कधी केली नाही, कारण घरी त्याला शंका नव्हतीच, खात्री होती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "माझा उजवा कान गेलाय बहुतेक."

बायको दचकली नाही. "दोन वर्षं झाली, हळूहळू कमीच होत गेलाय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, पण बोलायचं नाहीये."

चालताना ती त्याच्या डावीकडे असायची, जेवतानाही डावीकडेच. खिडकीचा वारा लागतो असं सांगून पलंगावरची बाजूसुद्धा तिनं बदलून घेतली होती. त्याला तिचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही फार वेळ धरून ठेवायचं त्राण त्याच्यात नव्हतं. काही न घेताच दोघं घरी आली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

"जाऊ. आधी हे संपवू." त्यानं जुन्याच स्पीकरवर ते गाणं लावलं. "गिटार टोचायची थांबली की सांग."

"मला यातलं काय कळतंय?"

"टोचलेलं कळतं ना? तेवढं बास."

तिनं आपलं डावीकडचं स्टूल उचललं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या उजव्या बाजूला ठेवलं.

तो गिटार खाली आणत गेला. त्याच्या कानाला ती विरत विरत जवळजवळ नाहीशी झाली, तरी तो थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःला न पटणारं काम करत होता. त्या बाजूनं बोललेलं त्याला नीट ऐकू येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तो थांबला.