माद्रुगादोरेसचं स्थलांतर

दोन नव्या ऑनलाइन मंचांपैकी पहिला काही केल्या उघडेना. दॉन ओविदियोंचा फोन पेरूच्या फांदीला सुतळीने टांगलेला होता, कारण सगळ्या शेतात रेंज यायची ती तेवढ्या एका जागी. फोनच्या पडद्यावर चाक गरगरत होतं आणि रुबिएला ओस्पिना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चिखलात उभी होती.

"किती झाली?" दॉन ओविदियोंनी विचारलं.

"साडेतीन मिनिटं."

"मग मी गुळाचं पाणी तापवून आणतो. हा काही लवकर येत नाही."

ते दोन वाफाळते कप आणि चीजचा तुकडा घेऊन परत आले, तरी चाक फिरतच होतं. सत्तरी ओलांडलेला तो कॉफीचा शेतकरी चीज गुळाच्या पाण्यात बुडवत शांतपणे म्हणाला, "नवरदेव नटून बसलाय, पण घोड्यावर काही चढत नाही."

रुबिएलाला हसू आलं. तिने दुसरा मंच उघडला. अकरा सेकंदांत पान समोर आलं. राखाडी, साधं, तिच्या नोटरी कचेरीतल्या छापील अर्जासारखं.

"हा गरिबाघरचा दिसतो," दॉन ओविदियो म्हणाले.

"हो. पण एखादा टिपलेला आवाज त्यावर चढवून बघा की."

त्यांनी कॉफीने काळवंडलेला अंगठा नेमका टेकवला. चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण निघालं. मध्ये धुकं उतरलं तशी रेंज गेली, परत आली, आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सरकू लागलं. सहा मिनिटांनी 'पोहोचलं' असा शब्द उमटला. दॉन ओविदियोंनी टोपी मागे सरकवली.

"दोन्या रुबिएला, एवढंच विचारायला तुम्ही मानिसालेसहून जीपने वर आलात?"

"एवढंच," ती म्हणाली.

रुबिएला सांभाळत होती त्या जुन्या मंचाचं नाव 'माद्रुगादोरेस', म्हणजे भल्या पहाटे उठणारे. पक्ष्यांचे आवाज टिपायचे, मंचावर चढवायचे, आणि मग हा कोण बोलतोय यावर आठवडाभर हुज्जत घालायची, हा चारशे बारा लोकांचा छंद. सोळा वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राच्या एका मास्तरांनी तो सुरू केला. आठ वर्षांपूर्वी ते मुलीकडे कॅनडाला गेले, तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड एका पाकिटावर लिहून रुबिएलाच्या हातात ठेवून म्हणाले, "तू फक्त लक्ष ठेव." रुबिएलाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने मंच तीन दिवस बंद पाडला. पण नोटरीकडे पंचवीस वर्षं कागद तपासलेली बाई ती. काय केलं, काय बिघडलं, कशाने सुधारलं, हे तारीखवार वहीत उतरवत गेली. आता सहावी वही चालू होती.

जुन्या सॉफ्टवेअरला गेली चार वर्षं कोणी वाली उरला नव्हता. त्याच्या भोकांतून रोज औषधांच्या जाहिराती घुसत. ती सकाळी कचेरीत जाण्याआधी त्या झाडून काढी, अंगणातला पाला काढावा तशा. आता सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी कळवलं होतं की महिनाअखेरीस हे जुनं चालणार नाही. नवं निवडा, नाहीतर बंद करा.

निवडणं सोपं नव्हतं, कारण डॉक्टर लिसांद्रो ओर्दोन्येस. पेरेइराचे दंतवैद्य, उत्तम कान, महागडा मायक्रोफोन, आणि मंचावरचे निम्मे लोक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांना तो नटलेला मंच हवा होता. ती डोंगरावरून परतली त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मतदान घेऊन टाका. लोक झुलत्या चित्रांना भुलतात, आपण जिंकू."

"तो दॉन ओविदियोंकडे उघडत नाही, डॉक्टर."

"एका म्हाताऱ्यासाठी चारशे लोकांनी अर्ज भरल्यासारखं जगायचं? असं असेल तर मी सगळ्यांना फोनवरच्या गटात नेतो. एका मिनिटाचं काम."

"न्या. गटात परवाचा आवाज शोधायला गेलात की मधे दोनशे शुभ सकाळ लागतील."

"टोमणा चांगला होता," डॉक्टर म्हणाले, "पण माझं मत तेच आहे."

फोन ठेवल्यावर तिची बहीण फानी स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढी मेहनत नवरा निवडताना घेतली असतीस तर?"

"त्याला परत करता येत नाही. हे करता येतं."

पण डॉक्टरांचं 'एका म्हाताऱ्यासाठी' तिला डाचत राहिलं. खरंच एकच माणूस असेल तर? मग हट्ट तिचाच ठरला असता. तिने सर्व्हरची नोंदवही उघडली, जिथे कोण कधी आलं आणि पान पोहोचायला किती वेळ लागला हे ओळीओळीने लिहिलेलं असतं. शनिवारभर पेन्सिल घेऊन ती मोजत बसली. पुतुमायोची एक नर्स. प्रशांत किनाऱ्यावरचा होडीवाला, जो नेहमी रविवारीच येई. दोन शाळा. तुरुंगातला एक वाचनालयवाला, ज्याने कधी एक शब्द लिहिला नव्हता, फक्त ऐकत होता. दॉन ओविदियोंसारखे, अडखळत्या रेंजवरचे, एकूण त्रेसष्ट निघाले.

तिने ना भाषण केलं ना मतदान घेतलं. मंचावर लिहिलं: "आपल्यातल्या त्रेसष्ट जणांचं दार अरुंद आहे. नवं घर त्या दाराच्या मापाने घेते आहे. सामान रविवारी सकाळी हलेल."

डॉक्टरांनी तासाभराने खाली एकच ओळ टाकली. "त्रेसष्ट? मला वाटलं एक. ठीक आहे."

सामान हलवण्याची तिने चार वेळा तालीम केली होती. नियम एकच: नवं चालेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. रविवारी आठ वाजता तिने मंचाला कुलूप घातलं, सोळा वर्षांच्या गप्पा आणि नऊ हजार आवाज हलवायला लावले, आणि फानीने केलेल्या अरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, खात बसली. साडेदहाला कुलूप काढलं.

पाच मिनिटांत बोंब उठली. स्पॅनिशमधलं, डोक्यावर तिरकी रेघ किंवा लाट असलेलं प्रत्येक अक्षर फुटलं होतं. पक्षी यासाठीच्या स्पॅनिश शब्दाचाच मधला भाग विचित्र चिन्हांनी भरला होता. पेन्या, मुन्योस, साऱ्यांची नावं वेडीवाकडी. तालमीत तिने नेमकी बिनरेघेची पानं तपासली होती. तिने वही पुढ्यात ओढली.

तेवढ्यात डॉक्टर ओर्दोन्येस यांचा संदेश आला: "मॅडम, माझ्या आडनावात दोन ठिकाणी कीड लागली आहे."

ती मोठ्याने हसली. तिने उत्तर दिलं: "तोंड उघडं ठेवून बसा. भरते."

मंचावर सगळे आपापली फुटकी नावं मिरवू लागले. होडीवाल्याने जाहीर केलं की नवं नाव त्याला जास्त शोभतं. नर्सने सगळ्यांना तपासून औषधं लिहून दिली. रुबिएला वही चाळत होती. चूक एवढीच होती की हलवताना तिने अक्षरांची जात, म्हणजे संगणकाने ती कशी वाचायची ते, चुकीची सांगितली होती. जुनं जागेवर शाबूत होतं. तिने पुन्हा कुलूप घातलं, ती एक ओळ बदलली आणि पहिल्यापासून सगळं हलवलं. दुपारी दीड वाजता तिने आधी डॉक्टरांचं आडनाव बघितलं, मग सोळा वर्षांपूर्वीचं पहिलं पान, मग मधली पन्नास पानं.

"दोन्ही दाढा भरल्या," तिने लिहिलं. "दोन तास काही खाऊ नका."

खाली टाळ्यांची रांग लागली. पहिली डॉक्टरांची होती.

वहीत तिने दर महिन्याच्या पहिल्या रविवारचं काम मांडलं: नव्या दुरुस्त्या बसवणं, प्रत काढून ठेवणं, ती प्रत खरंच उघडते का बघणं. मग रेघ असलेलं अक्षर तपासायचं, असं लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

तीनच्या सुमाराला नव्या मंचावर पहिलं ध्वनिमुद्रण आलं. दॉन ओविदियोंचं. तिने कानाला हेडफोन लावला. पानांवरून ठिबकणारं पाणी, बराच वेळ काही नाही, आणि मग दाट रानातून, कधीच न दिसणाऱ्या तोरोरोई पक्ष्याची ती खालच्या पट्टीतली शीळ. तीनदा शीळ झाली. त्यानंतर फोन बंद झाला असं समजून दॉन ओविदियो आपल्या खेचराला सांगत होते, "ऐकलंस? त्या बाई मला विचारायला वर आल्या होत्या."

लगेच डॉक्टरांचा संदेश आला. "मॅडम, शेवटी माणूस बोलतोय. आपल्या नियमाप्रमाणे कापायला हवं."

"राहू दे," रुबिएलाने लिहिलं.

ऊन पडलं होतं, आणि रोजच्या पावसाच्या मानिसालेसमध्ये ऊन पडलं की थांबायचं नसतं. फानीने दोन हाका मारल्या होत्या. ती ओल्या चादरींची बादली उचलून वाळत घालायला गच्चीवर गेली.