शेपूट जाईपर्यंत थांबा

मी एक पाटी बोलतेय. घरावरची नाही, दुकानावरचीही नाही. रस्त्यावरची, हातात धरायची. गोल पत्रा, खाली लाकडी दांडा, एका अंगाला लाल रंगात 'थांबा' आणि दुसऱ्या अंगाला हिरव्या रंगात 'जा'. मला कोणी दुतोंडी म्हटलं तर मी रागावत नाही. माझी दोन्ही तोंडं एकाच वेळी, भर चौकात, मोठ्या अक्षरांत बोलतात. माणसाचं दुसरं तोंड समोरचा वळल्यावर उघडतं.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी जळकी आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. पत्र्याला पोट नसतं म्हणतात, पण मला पोटदुखी आहे.

माझा जन्म पिंपांची झाकणं कापणाऱ्या एका कारखान्यात झाला. रंगाऱ्याने 'थांबा' अगदी मन लावून काढलं. 'जा'पर्यंत येईतो त्याची जेवणाची वेळ झाली, म्हणून त्याचा काना जरा तिरका आहे. मग मी वाहतूक खात्याच्या गोदामात टोप्या आणि फुटक्या दिव्यांमध्ये पडून राहिले आणि एक दिवस ताईच्या हातात आले.

ताई वाहतूक पोलीस. नेमणूक एका चढावाखालच्या चौकात. चढावाच्या माथ्यावरून मोठा रस्ता उतरतो आणि पुढे मुलांच्या हॉस्पिटलकडे जातो. मधेच त्याला एक गल्ली येऊन मिळते. कोपऱ्यावर केस कापणाऱ्याचं दुकान, त्याला सगळे कात्रीमामा म्हणतात. समोर बेकरी, ती चालवणाऱ्या बाई म्हणजे काकू. चौकात सिग्नलचा खांब आहे, पण त्याचे दिवे कधीच गेले आणि वर कबुतरांनी संसार थाटला. म्हणून तर माझी गरज पडली. खांब सरळ आणि उंच होता, म्हणून सुरुवातीला मी त्याच्यावर जळायचे. तो आंधळा आहे हे कळल्यावर जळणं थांबलं.

मग शिट्टीवर जळू लागले. मी ताईच्या हातात, ती मेली ताईच्या ओठांत. काम माझं आणि आवाज तिचा. तरी मी सांभाळून घेतलं, कारण शिट्टी ऐकून लोक फक्त दचकतात. थांबतात ते मला बघून.

ताईचा हात मला चांगला ठाऊक होता. कडक, जरा कोरडा, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा. गल्लीकडे 'थांबा' आणि रस्त्याकडे 'जा', मग मनगट फिरलं की उलट. ती फिरवायची आणि मी फिरायचे. आमचं छान चाललं होतं.

मग त्या मोटारसायकली आल्या.

वर्षातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, गावातले मोटारसायकलवाले एकत्र जमतात आणि रांगेने हॉस्पिटलकडे जातात. प्रत्येक गाडीवर एक खेळणं बांधलेलं असतं. अस्वल, बाहुली, आगगाडी, असं काहीबाही. आजारी पोरांना ती खेळणी द्यायची आणि परत यायचं. रांग तुटू नये म्हणून वाटेतले सगळे चौक अडवून धरतात. आमचाही.

पहिल्या वर्षी मी बघतच राहिले. मी थांबवलं की लोक कपाळाला आठ्या घालतात, हॉर्न वाजवतात, माझ्या रंगाऱ्याचा उद्धार करतात. आणि या गाड्यांनी तेवढाच वेळ थांबवलं, तर तेच लोक खिडकीतून हात हलवतात. म्हणजे अडवणूक माझी आणि कौतुक त्यांचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी सगळेच काही हात हलवत नव्हते. मामा दारात कात्री घेऊन उभे राहायचे.

"पुण्यच करायचं तर गुपचूप करा की," ते म्हणायचे. "या धडधडीने माझा हात हलतो आणि गिऱ्हाइकाचा कान जातो."

"अजून एकाचाही गेला नाही," काकू समोरून म्हणायच्या.

"जाईल तेव्हा तुमच्या बेकरीत आणून ठेवतो."

"पोरांसाठी आहे हो मामा. दहा मिनिटं सहन करा."

"पोरांना झोप लागत असेल का या आवाजात? विचारलंय कोणी त्यांना?"

मामा बोलले की मला गार वाटायचं. चौकात माझ्या मनातलं बोलणारा तो एकच माणूस होता.

पण खरी ठिणगी पडली ती ताईमुळे. रांग जाताना ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, मला गल्लीकडे रोखून. तिचं तोंड मात्र गाड्यांकडे. दर गाडीला तिची मूठ माझ्या दांड्यावर रेस दिल्यासारखी वळत होती. आधी मला कळेना. मग कळलं. ती मनातल्या मनात गाडी चालवत होती.

पुढच्या रांगेचे दिवस जवळ आले तेव्हा काकूंकडे चहा पिताना तिनेच सांगितलं. वडिलांची मोटारसायकल ती लग्नाआधी चालवायची. पुढे सासर, पोरं, ड्यूटी, आणि गाडी विकली गेली. आता रांगेच्या पुढे खात्याची एक गाडी असते, रस्ता मोकळा करत जाणारी. ती तिला चालवायची होती.

"साहेबांना विचारलंय," ताई म्हणाली. "ते म्हणाले, दर वर्षी तक्रार येते ती तुझ्याच चौकातून. यंदा एकही तक्रार न येता रांग काढून दाखव, पुढच्या वर्षी गाडी तुझी."

"मग काय, मामांच्या तोंडाला कुलूप लावू," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. मी टेबलाला टेकून उभी होते, मला नाही हसू आलं. ताई गाडीवर बसली की दोन्ही हात गाडीला लागणार. मला धरायला तिसरा कुठून आणणार? मालकीण बाई असल्यामुळे सवत म्हणायची सोय नाही, पण त्या न बघितलेल्या गाडीला मी दुसरं नाव देऊ शकले नाही. त्या वर्षी मी एकच गोष्ट मागत होते. तक्रार व्हावी. मामांनी ती मोठ्या आवाजात करावी.

रांगेच्या आदल्या दिवशी गाड्यावाल्यांचा पुढारी, सगळे त्याला दाढीवाला म्हणत, चौकात येऊन ताईला समजावून गेला.

"सगळ्यात शेवटच्या गाडीवाल्याच्या अंगात नारिंगी जाकीट असेल, ताई. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट गेलं की रस्ता सोडायचा. त्याआधी नाही."

"आणि मधे खंड पडला तर?"

"पडला तरी शेपूट जाईपर्यंत थांबायचं. आमच्यात एकाची गाडी बंद पडली तर मागचे त्याला सोडून जात नाहीत."

ताईने मान डोलावली. वरच्या चौकातल्या शिपायालाही तिने वायरलेसवर तेच सांगितलं. नारिंगी म्हणजे शेपूट. किती सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी रांग वेळेवर निघाली. गल्लीत पाण्याचा टँकर, तीन-चार मोटारी आणि बऱ्याच स्कूटर माझ्या लाल अंगासमोर थांबल्या होत्या. टँकरवाला दारावर बोटं वाजवत होता. मामांच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून बसलं होतं. गाड्या चढावावरून दोन-दोनने उतरत होत्या. मला अस्वलं दिसत होती आणि प्रत्येक अस्वल मला हसत होतं.

मग रांग विरळ झाली. चढावाच्या माथ्यावरून आणखी एक घोळका उतरला आणि त्याच्या मागे, एकटा, नारिंगी जाकीटवाला.

ताईने वायरलेसवर विचारलं, "शेपूट गेलं का?"

"गेलं, नारिंगी गेलं," वरचा शिपाई म्हणाला.

ताईचं मनगट फिरलं. गल्लीला 'जा' दिसलं.

तो शेपूट नव्हता. तो घरोघर पार्सल पोचवणारा एक इसम होता. थांबून थांबून कंटाळला होता, रांगेत खंड दिसला तसा मधे घुसला आणि आयत्या मोकळ्या रस्त्याने निघाला. पार्सलवाल्यांचं जाकीटही नारिंगीच असतं, हे दाढीवाल्याच्या डोक्यात आलं नाही, ताईच्याही नाही. खरी शेपटाकडची मंडळी माथ्यापलीकडे एका बंद पडलेल्या गाडीपाशी थांबली होती. ती चालू झाली आणि सगळी एकदम उतरायला लागली.

आवाज आधी ताईला ऐकू आला. तिने मला परत फिरवलं. पण टँकर निघाला होता. इतका वेळ अडकलेला माणूस एकदा सुटला की पाटी वाचत नाही. ताई माझ्यासकट त्याच्यापुढे धावली, त्याने ब्रेक दाबला, आणि ताई मागे सरकताना मी तिच्या हातातून निसटले. पुढचं चाक माझ्यावरून गेलं आणि टँकर रस्ता अडवून थांबला.

मी पालथी पडले. 'थांबा' खाली, 'जा' वर. रस्त्यात टँकर आडवा, त्याच्यामागून स्कूटर वाट काढताहेत आणि चढावावरून मोटारसायकली येताहेत. आणि मी, जिचं काम थांबवणं, मातीत तोंड घालून सगळ्यांना 'जा' सांगत होते.

तेव्हा मामा बाहेर आले. गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं पांढरं कापड हिसकावून, ते डोक्यावर गरगरा फिरवत, चढावाकडे धावत. "थांबा, थांबा रे, पुढे टँकर आहे." मागून फेसवालं गिऱ्हाईक धावलं. काकू पावाचा रिकामा ट्रे घेऊन स्कूटरींच्या आडव्या उभ्या राहिल्या. कपड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, कोणी बोलावलं नव्हतं.

मोटारसायकली थांबल्या. एक घसरून आडवी झाली, तिच्यावरची बाहुली गटारापर्यंत घरंगळत गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

खरं सांगू? त्या वेळी माझ्या मनात देवाचे आभार वगैरे काही आलं नाही. मनात आलं ते हे, की माझ्या लाल तोंडाला जो टँकर थांबेना, त्याच चौकात एका न्हाव्याच्या मळक्या कापडाला अख्खी रांग थांबली. त्या कापडावर केस चिकटलेले होते.

दुपारी साहेब आले. मी मामांच्या पायरीवर वाकडी होऊन पडले होते. ताई बाजूला उभी होती, टोपी काखेत, चेहरा उतरलेला. तिला चूक लपवायची नव्हती.

"रस्ता मीच लवकर सोडला, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी मामांकडे बघितलं. "तुमची दर वर्षी तक्रार असते. यंदा तर कारण आहे. बोला."

माझा श्वास अडकला, म्हणजे असता तर अडकला असता. बोला मामा. कान किटले म्हणा, जीव जायची वेळ आली म्हणा. एवढं बोललात की ताई या चौकातच राहील, माझ्यापाशी.

मामांनी दाढीच्या ब्रशातला फेस झटकला.

"तक्रार आहे की," ते म्हणाले. "शेपटाला नारिंगी कोणी चढवलं? अर्ध्या गावाचं जाकीट नारिंगी. पुढच्या वर्षी दुसरा काहीतरी रंग द्या."

"आणि या बाई?"

"त्यांनी काय केलं? शेपूट दिसलं, रस्ता सोडला. ठरल्याप्रमाणे केलं. आणि चुकतंय म्हटल्यावर टँकरच्या तोंडापुढे त्याच गेल्या, तुमचं वायरलेस नाही गेलं."

"म्हणजे रांग इथून नेऊ नका असं म्हणणं नाही तुमचं?"

"इथूनच न्या. आता आम्हाला अडवायला येतं." मग गिऱ्हाइकाकडे वळून ते पुटपुटले, "आवाज मात्र वाईटच आहे हो."

ताईने डोळे पुसले. मला मामांचा इतका राग आला की पत्रा तापला. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

गाडी ताईला मिळाली. जाण्याआधी ती मला घ्यायला आली. मामांनी दगडाने ठोकून मला जमेल तेवढं सपाट केलं होतं, पण मधे खळगा राहिलाच. तिने खळग्यावरून हात फिरवला.

"ही तुमच्याकडेच ठेवा मामा," ती म्हणाली. "नव्या शिपायाला नवी मिळेल. रांगेच्या दिवशी गल्ली तुम्ही धरा."

मला वाटलं, एकदा तरी मागे वळून बघेल. ती घाईत होती. बाहेर तिची गाडी उभी होती, पुसून लख्ख केलेली. त्या भवानीला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. देखणी होती. हेच तर दुखणं.

आता मी मामांच्या दुकानात आरशाशेजारच्या खिळ्याला असते. सगळे आरशात बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. आरशावरही जळते, पण आता पूर्वीसारखा दम राहिला नाही.

यंदाची रांग परवाच झाली. मामांनी सकाळीच मला ओल्या फडक्याने पुसलं, मिशीला पीळ दिला आणि चौकात जाऊन उभे राहिले. चढावावर ताई दिसली. सगळ्यांच्या पुढे, पाठ ताठ, हेल्मेटखालून दात दिसतील इतकी हसत. तिला बघून मामा एका हाताने सलाम ठोकायला गेले आणि त्या गडबडीत त्यांनी मला उलटी धरली. गल्लीला 'जा'. रांगेला 'थांबा'.

गल्लीतलं कोणी हललं नाही, मामांचा अवतारच तसा होता. पण ताईला लाल दिसलं आणि ती थांबली. तिच्या मागे सगळी रांग थांबली, अस्वलं, बाहुल्या, दाढीवाला, चढावाच्या माथ्यापर्यंत सगळी. ताईने गाडी स्टँडला लावली, हातमोजा काढला आणि चालत आमच्यापाशी आली.

"मामा, उलटी धरलीय."

"अरेच्चा, हो की."

तिने मला हातात घेतलं. कडक, जरा कोरडा, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा. मनगट फिरलं आणि मी फिरले. ती गाडी तिकडे एकटी उभी होती, स्टँडवर, कोणाचा हात नसलेली, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मग तिने मला मामांच्या हातात दिलं आणि ती गेली. शेपूट गेलं तेव्हा त्याच्या अंगात जांभळं जाकीट होतं.

आता जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी त्या चौकात आलात, मामांकडे केस कापायला बसलात, गप्पा निघाल्या, तर बाकी काय हवं ते सांगा. पण पाटी कशी धरायची ते मात्र त्यांना शिकवू नका.