चोरीचा वाल

मार्गशीर्ष सरत आला तसा बब्रुवानाचा दोर साठ हात झाला. एवढ्या लांब दोराचं करायचं काय, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि खुद्द बब्रुवानालाही नव्हतं. घरात बैल नव्हता, एक शेळी होती, आणि शेळीला चार हात दावं बास होतं. तरी सकाळी अंगणात ऊन आलं की गडी पोतं अंथरून बसायचा, अंबाडीचा वाख पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि पीळ द्यायला लागायचा.

दोर वळणं हा त्याचा जुना नाद. पूर्वी कासरे, म्होरक्या, शिंकी असलं काहीबाही करून सोयऱ्याधायऱ्यांत वाटायचा आणि कुणी "व्वा!" म्हटलं की आठ दिवस मिशीतल्या मिशीत हसायचा. आता नुसताच वळायचा. भादव्यात त्याची बायको गेली. मथुराबाई. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ संपला. तेव्हापासून बब्रुवानाच्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब निघाला नव्हता.

गावाला काय, तोंडच आहे. दहाव्यालाच पारावर सुरू झालं, "दगड हाय हो बब्रुवान. चाळीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली, पण डोळा वला झाला न्हाय." आता लोकांना काय सांगावं, की बब्रुवान स्वतःच रडू यायची वाट बघत होता! फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधीर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. त्याचं आख्खं अंग तसं झालं होतं. थंडी वाजायची नाही, भूक लागायची नाही. सून वाढायची, तो जेवायचा. रडू आलं तर बरं होईल असं वाटायचं, आणि ते काही यायचं नाही. त्या बाईवर आपला जीव होता का नव्हताच, असं मनात यायचं आणि तो घाईघाईनं पुढचा पीळ घ्यायचा.

परसात मथुराबाईचा वाल होता. मोरीच्या पाण्यावर पोसलेला, मांडव भरून चढलेला. शेंगेच्या काठाला जांभळी रेघ, तसला वाल पंचक्रोशीत नाही. लग्नात माहेराहून, येरमाळ्याच्या पलीकडून, तिनं त्याचं बी पदराला बांधून आणलेलं. दर आषाढात ती ते लावायची, आणि हिवाळ्यात चांगल्या भरलेल्या शेंगा हेरून त्यांना लाल दोरा बांधायची. त्या बियाण्याच्या. त्यांना घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, म्हणजे नाही. यंदाही तिनं वेल लावला. दोरे मात्र सून शिवकन्यानं बांधले.

परसाच्या दगडी कुसाच्या पलीकडं चन्नबसप्पाचं घर. त्याची बायको लक्ष्मम्मा, आळंदकडची, हाडापेरानं मोठी. दर हिवाळ्यात ही बाई भर दुपारी कुसावरून हात घालून मथुराबाईच्या दोऱ्याच्याच शेंगा चोरायची, आणि दर हिवाळ्यात मथुराबाई तिला नेमकी पकडायची. मग काय विचारता! तेरखेड्याची फटाक्याची माळ लागावी तशा शिव्या. "हात झडले तुझे, सटवे! तुझ्या बापानं लावलाय का येल? खाल्लंस तर दात पडतील, पेरलंस तर मांडव मोडंल!" लक्ष्मम्मा हूं की चूं करायची नाही, शेंगा ओटीत घालून पाठमोरी पळायची. बब्रुवान ओसरीवरून म्हणायचा, "बास की गं." तो सरळ माणूस. आपल्या बायकोची चोरी करणारं घर, म्हणून त्यानं वीस वर्षं चन्नबसप्पाच्या ओट्यावर कपभर चहा घेतला नव्हता.

यंदा चोरी झाली नाही. शिव्याही झाल्या नाहीत. बब्रुवानाच्या ते ध्यानात आलं नाही.

येळवशीच्या, म्हणजे रानातल्या अवसेच्या सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी शिवकन्या म्हणाली, "मामा, उद्याच्या भज्जीला वालाच्या शेंगा लागतील. तोडून, सोलून द्याल का? मी आंबलीचं बघते."

येळवशीची भज्जी म्हणजे रानात असेल नसेल ते सगळं. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, साऱ्यांचे दाणे एका पातेल्यात. वालाशिवाय ती होत नाही. बब्रुवान पाटी घेऊन परसात गेला. वर बघितलं, तर शेंगा मांडवावर. शिडी आणायची, चढायचं, हात लांबवायचा... त्याच्यानं होईना. हिशेब साधा होता. त्यानं विळा घेतला आणि वेल बुडातून कापला. खाली ओढला, मांडी ठोकून बसला आणि शेंगा ओरबाडल्या. कोवळ्या, जून, वाळत आलेल्या, दोऱ्याच्या, सगळ्या. लाल दोरे तेवढे सवयीनं बाजूला ठेवले आणि मग आपल्या दोराच्या पिळात घालून टाकले. पाला शेळीपुढं टाकला. सोललेले दाणे पातेल्यात ओतून दिले आणि पुन्हा पोत्यावर येऊन बसला.

पहाटे शिवकन्या मोरीकडं गेली ती तशीच परत आली.

"मामा, येल कुठाय?"

"कापला."

"का?"

"शेंगा वर व्हत्या."

तिनं चुलीकडं बघितलं. चुलीवर भज्जी रटरटत होती. "आन् दोऱ्याच्या शेंगा?"

"त्याबी सोलल्या की."

शिवकन्यानं उतरंडीतलं बियाण्याचं गाडगं काढलं आणि पालथं केलं. बी टिकावं म्हणून घातलेली नुसती राख पडली. होतं नव्हतं ते सगळं आषाढातच लावलेलं. ती तिथंच राखेपाशी बसली आणि पदर तोंडात धरून रडली. "आत्याचं बी संपलं. चाळीस वर्षं जपलं हुतं त्यांनी." बब्रुवानाचा मुलगा योगीराज कळंबला शाळेत मास्तर, त्या दिवशी घरीच होता. तो बाहेर आला, रिकामा मांडव बघितला, "अप्पा, तुमी पण..." म्हणाला आणि आत जाऊन सांडलेली राख गाडग्यात भरायला लागला.

तरी सण काय कुणासाठी थांबतो? सगळे रानात गेले. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील शिंपडली, बांधावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवलं. बब्रुवानाच्या ताटात भज्जी पडली. त्यानं घास घेतला. मीठ कळलं नाही, तिखट कळलं नाही. वालाचा एक टपोरा दाणा दाढेखाली आला तेव्हा त्याचा हात थांबला. मथुरा गेली तवा न्हाय, आणि आता तिचा येल म्या माझ्या हातानं कापला, शिजवला, खातोय, तरी न्हाय. मंग म्या माणूस तरी हाय का? त्याला खरोखरच भीती वाटली. भीती वाटली हे एक बरं झालं, कारण तीन महिन्यांत तेवढं तरी वाटलं.

सांजच्याला परत येताना त्याची नजर कुसापलीकडं गेली. लक्ष्मम्माच्या मांडवावर वाल लोंबत होता आणि शेंगांच्या काठाला जांभळी रेघ होती.

रात्र त्यानं कशीबशी काढली. सकाळी टोपी झटकून घातली आणि वीस वर्षांनी चन्नबसप्पाच्या ओट्यावर चढला. चन्नबसप्पा बिचारा गडबडला, पाट काय देतो, चहा काय सांगतो. लक्ष्मम्मा सुपात ज्वारी पाखडत होती.

"लक्ष्मम्मा," बब्रुवान म्हणाला, "माझ्या हातनं चूक झाली. मथुराचा येल गेला. तुमच्याकडं त्येचंच बी हाय. मूठभर द्या."

सूप थांबलं. "न्हाय."

"पाच दाणे द्या."

"मागून एक दाणा मिळायचा न्हाय, भावजी. तुमच्या बायकोनं कवा मला हातानं दिला का? वीस वर्षं शिव्या खाल्ल्या म्या तिच्या. यंदा कुणी मला शिव्या दिल्या न्हाईत." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "दुपारी म्या निजलेली असते, एवढं सांगून ठेवते. उठा आता."

चन्नबसप्पा कपातल्या चहाकडं बघत बसला. बब्रुवान उठला. अपमान झाला हे त्याला कळत होतं, पण तोही दुसऱ्या कुणाचा तरी झाल्यागत वाटत होतं. घरी येऊन त्यानं सुनेला सांगितलं, "न्हाय म्हणली. आन् वर म्हणती, दुपारी निजलेली असते. म्हंजी परत येऊ नका!"

शिवकन्या चूल फुंकत होती. ती फुंकणी हातात धरून बघत राहिली आणि मग फसकन हसली.

"अवो मामा! बी कवा मागत असत्यात का? मागून आणलेलं बी लाजतंय, मातीतनं वर येत न्हाय. ते चोरायचं असतंय. आन् ज्येचं चोरलं त्येनं तोंड भरून शिव्या घालायच्या, तवाच मांडव भरतोय. आत्याबी जायच्या की त्यांच्याकडं, तुमी रानात गेल्यावर. दर साली ह्यांचं तिकडं, त्यांचं हिकडं. माहेराहून आणलं तेबी आईच्या येलाचं चोरूनच. आईनं म्हणं लगीनघरातच शिव्या घातल्या, आन् घालता घालता रडली."

बब्रुवान तिथंच चुलीपाशी बसला. "मंग भांडण?"

"कसलं भांडण? माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी केले? आत्याच्या शेवटच्या रात्री उशाशी कोण बसलं हुतं?"

"वीस वर्षं त्येच्या घरचा च्या न्हाय प्यालो म्या!"

"ते तुमचं तुमी बघा," शिवकन्या म्हणाली. सासऱ्याला ती कधी इतकं बोलली नव्हती.

"मंग तू जा. तू आण."

"म्या कशाला? येल कापला कुणी?"

दुपारी ऊन कुसावर आलं. सहासष्ट वर्षांचा बब्रुवान धोतराचा सोगा खोचून, वहाणा काढून, परसातल्या दगडावर चढला. जन्मात कधी कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं नव्हतं त्यानं. कुसावर पोट टेकलं, गुडघा खरचटला, आणि कसाबसा पलीकडं उतरला. लक्ष्मम्माच्या परसात चिटपाखरू नव्हतं. दार अर्धवट लोटलेलं. मांडवाच्या अगदी कुसाकडच्या बाजूला, हाताला येतील अशा, पाच-सहा वाळलेल्या शेंगा होत्या, आणि प्रत्येकीला लाल दोरा. त्यानं एक तोडली. दुसरी तोडली. तिसरीला हात घातला तोच दार धाडकन उघडलं.

"हात झडले तुझे, मुडद्या! तुझ्या बापानं लावलाय का येल?"

बब्रुवान जागीच थिजला. लक्ष्मम्मा उंबऱ्यात उभी होती, कमरेवर हात. निजलेल्या माणसाच्या डोळ्यांत इतकी जाग नसते. आवाज तिचाच होता, पण चाल तिची नव्हती. ती चाल मथुराची होती. तसाच चढलेला सूर, तसंच 'बापानं'वर दिलेलं वजन. वीस हिवाळे ऐकून ऐकून पाठ केलेलं.

"खाल्लंस तर दात पडतील," लक्ष्मम्मा ओरडली, आणि मथुरा थांबायची तिथंच क्षणभर थांबली, "पेरलंस तर मांडव मोडंल!"

वीस वर्षं ओसरीवर बसून त्यानं हे ऐकलं होतं आणि एकदाही नीट ऐकलं नव्हतं. मांडव मोडंल. वालाच्या भारानं मोडंल. त्याची बायको दर साली शेजारणीला हे देत होती आणि तो म्हणत होता, बास की गं. आधी त्याचा गुडघा दुखायला लागला, खरचटलेला. मग थंड वारं अंगाला लागलं. आणि बब्रुवान मांडवाचा डांब धरून मोठ्यानं रडला. भादव्यापासूनचं सगळं रडला.

लक्ष्मम्मा जवळ आली नाही. चोराचे डोळे पुसायचे नसतात. तिच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तोंड बंद झालं नाही. "उभा काय ऱ्हायलास, मेल्या? उरलेल्या कुणासाठी ठिवल्यास? पळ! तुझ्या खापरपणज्याचं..." तिनं खापरपणज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. बब्रुवानानं रडत रडतच उरलेल्या शेंगा तोडल्या, टोपीत घातल्या, आणि एक शब्द न बोलता, मागं न बघता, कुसावर चढला.

अलीकडं रिकाम्या मांडवाखाली शिवकन्या उभी होती. तिनं टोपी हातात घेतली, शेंगा बघितल्या, सासऱ्याचा चेहरा बघितला.

"लई शिव्या दिल्या गं," बब्रुवान म्हणाला, आणि कुसाला पाठ टेकून पुन्हा हमसून रडायला लागला. पलीकडून अजून शिव्या येत होत्या.