उष्टा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड आहे. इतक्यांच्या तोंडात फिरलो आहे, की उष्टाच म्हणा.

माझा जन्म सोलापुरात, महादेवप्पांच्या घरी, ऐन जेवणाच्या वेळी झाला. नवा फोन पासवर्ड मागत होता. महादेवप्पांनी हात जोडले आणि कुलदैवताचं नाव घातलं, पुढे एक-दोन-तीन. "देवाचं नाव हाय. कोण हात लावतंय?" म्हणत त्यांनी भाकरी मोडली.

तेव्हापासून घरात सगळीकडे मीच. गॅसला मी, वीजबिलाला मी. त्यांच्या पत्नी गौरम्मांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला मोबाईलवर पान उघडलं, त्यालाही मीच. ते पान म्हणजे बाईंचं दुकान. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या भाकरीचे फोटो, पुण्या-बंगळुरूची गिऱ्हाइकं, त्यांची कौतुकं. मला फार अभिमान वाटे. मी गुपित नव्हतो, हे खरं. आपल्या माणसांपासून काय लपवायचं, या संस्कारापोटी मोबाईल दुरुस्तीवाल्यालाही मी ओरडून सांगितला जाई.

मग मुलगी भुवनेश्वरीने आईचाच मोबाईल नंबर देऊन एका ऑनलाइन खेळात खातं काढलं आणि तिथेही मला नेलं. बाहेर किल्ले, तलवारी, अजगर. आत लाखो पासवर्ड उघडेबोडके पडलेले. आम्हाला झाकून ठेवायची सोय असते. कंपनीची सगळी मेहनत अजगराच्या शेपटीवर खर्च झाली होती.

चोर आले, तेव्हा त्यांना दारही मोडावं लागलं नाही. आम्हाला भरून नेलं आणि घाऊक विकलं. किती बोटं माझ्यावरून फिरली, त्याची मोजदाद नाही. कंपनीचं पत्र बऱ्याच दिवसांनी आलं. 'आपली सुरक्षितता आम्हाला प्राणप्रिय आहे. कृपया पासवर्ड बदलावा.' सोबत भेट म्हणून खेळातली एक ढाल.

"अप्पा, सगळीकडचा बदलायला पाहिजे," भुवनेश्वरी म्हणाली.

"देव बदलायचा होय? तुझ्या खेळातला बदल. बाकीच्याला हात लावू नको."

चोर मात्र धार्मिक नव्हते. ते मला दारोदार लावून बघत राहिले आणि गौरम्मांचं दार उघडलं. त्यांनी पान बळकावलं. भाकरीच्या शेजारी जुगाराच्या जाहिराती लावल्या, आणि अशी चित्रं, की सांगताना माझी अक्षरं आखडतात. बंगळुरूहून फोन आला, "काकू, हे काय विकायला लागलात?" गौरम्मा पिठाच्या हातांनी तशाच खाली बसल्या.

पान परत मिळालं नाही. त्यांनी नवं काढायला घेतलं. महादेवप्पा शेजारी सरकले.

"देवाचंच नाव घाल की. पुढं चार-पाच-सहा लाव."

"अहो, देवळाला पण कुलूप असतंय की! किल्ली काय देवाच्या गळ्यात टांगत्यात? तिकडं तोंड करा."

"मी परका होय गं?"

"परके न्हाय. पण तुमचं तोंड म्हंजे एसटी स्टँड. सगळं गाव येऊन जातंय."

महादेवप्पा निमूटपणे भिंतीकडे वळले. जुनी गिऱ्हाइकं गौरम्मा अजून एकेक करून शोधताहेत.

गॅसला मात्र अजून मीच आहे. महादेवप्पा उद्या बदलतो म्हणतात. मित्रांनो, आम्हाला मरण नसतं. आजही कुठल्याशा खोलीत एखादा चोर मला नव्या दाराला लावून बघत असेल. तुमच्या घरी माझ्यासारखा एकच सगळीकडे लावला असेल, तर उठा आणि बदला. चोराने मला लावून बघावं आणि दार उघडू नये, एवढीच माझी इच्छा उरली आहे.